प्रेमचंद आबांच्या लोडरचे तेल

आमच्या गावात दाराला आतून दोन कड्या आणि एक अडसर असणारे घर एकच आहे, आणि ते प्रेमचंद आबांचे. गाव म्हसावदच्या बाजारपेठेपासून फार लांब नाही. वस्ती बहुतेक गुजर शेतकऱ्यांची, शिवारात केळी, ऊस आणि कापूस. चोरीमारी म्हणावी तर क्वचितच होते. तरीही आबा दिवेलागणीला अंगणात येतात, गोठ्याचे, खळ्याचे आणि घराचे कुलूप ओढून पाहतात, आणि चार पावले जाऊन पुन्हा परत येऊन ओढून पाहतात. माझे घर त्यांच्या समोरच असल्यामुळे हा विधी मी रोज पाहतो.

त्यांची माझी ओळख मात्र शेजारातून झालेली नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. सेवेत असताना एकदा एक काळाशेला, उंच शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की केळी घेणाऱ्या अमुक व्यापाऱ्याचा काटा खोटा आहे. पुरावा विचारला तेव्हा म्हणाला, "पुरावा तुम्ही काढा. माले फक्त माहिती शे." मी नाइलाजाने गेलो, काटा उलटा करवला, तर वजने ठेवण्याच्या पारड्याच्या खालच्या बाजूला शिशाचा एक तुकडा चिकटवलेला निघाला. व्यापाऱ्यावर कारवाई झाली. आबांचा संशय त्या दिवशी सर्वांसमक्ष खरा ठरला. मला वाटते, त्यांचे नुकसान झाले ते तेव्हाच. त्यानंतर जगातली प्रत्येक वस्तू त्यांना उलटी करून पाहावीशी वाटू लागली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी छोटा ट्रॅक्टर घेतला. नवा नव्हे, गुजरातेतल्या एका रोपवाटिकेने वापरून काढून टाकलेला. केळीच्या दोन ओळींमधून सहज जाईल एवढ्याच अंगाचा, आणि पुढच्या बाजूस लोडर बसवलेला, म्हणजे दोन लोखंडी बाहू आणि त्यांच्या टोकाला शेणखत, माती, केळीचे कापलेले खांब उचलणारी रुंद बकेट. तो पाहण्यासाठी आबा मला बरोबर घेऊन गेले होते. विकणारा गृहस्थ गोड बोलणारा होता.

"काका, गाडी एकदम ओके आहे."

"ओके शे ते मंग विकी काब्रं ऱ्हायना?" आबांनी विचारले, आणि त्या गृहस्थाकडे पुन्हा न पाहता ते खाली वाकले. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली, बोटावर तेल घेतले, वास घेतला, दोन बोटांत चोळले, उन्हाकडे धरले. लोडर पूर्ण उचलायला लावला आणि इंजिन बंद करून आम्हाला तिथेच चहा पिईपर्यंत थांबवले. बाहू आपोआप खाली उतरतात काय, हे त्यांना पाहायचे होते. ते उतरले नाहीत. तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला, तोही असा, की जणू विक्रेत्याने आपल्यापासून काहीतरी लपवण्यात यश मिळवले आहे.

या यंत्राची एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्याच्यात गिअरचे तेल आणि हायड्रोलिकचे तेल असे दोन वेगळे साठे नसतात. मागच्या गिअरपेटीत जे तेल असते तेच गिअरला वंगण देते, तेच लोडरच्या जॅकांत, म्हणजे तेलाच्या दाबाने दांडा बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्यांत, शिरून बकेट उचलते, आणि मागे ट्रॉली जोडली तर तेच पाईपातून ट्रॉलीच्या जॅकमध्ये जाऊन तिची पेटी उभी करते. पेटी खाली केली की तेल परत येते.

ट्रॅक्टर चालवण्याचे काम दलसिंगकडे आले. दलसिंग हा मोलगीच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. आबांकडे तो अनेक वर्षांपासून सालदार होता. आमच्या खानदेशात सालदाराचे वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, संपते आणि त्याच दिवशी नवे ठरते. मालक म्हणतो "बस", आणि गडी बसला, तर पुढचे वर्ष पक्के. मालक काही बोललाच नाही, तर गडी आपले अंथरूण उचलतो. दलसिंग दर अखाजीला बसला होता. मितभाषी माणूस, काम मात्र नीट. सकाळी काम सुरू करण्याआधी लोडरच्या प्रत्येक खिळीला ग्रीस देत असे. लोडरचे पाईप लोखंडाला घासून फाटू नयेत म्हणून त्याने जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांवर गुंडाळले होते.

आबांनी ते पाहिले आणि मला हळूच म्हणाले, "आप्पा, पाईप झाकाना काय कारन?"

मी म्हणालो, "घासू नये म्हणून."

"हं," आबा म्हणाले. पण त्यांनी एका ठिकाणची ट्यूब सोडवून खाली पाहिलेच.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातून कुणाची तरी ट्रॉली रात्रीतून नाहीशी झाली. आबांकडेही ट्रॉली होती, ती पूर्ण त्यांची नव्हती. ती त्यांची आणि चुलतभाऊ रूपचंद यांची सामाईक. दोघांची शेती वेगळी झाली तेव्हा बैलगाड्या, विहीर, आंब्याची झाडे, सगळ्यांची वाटणी झाली. ट्रॉलीचे दोन तुकडे करता येत नाहीत म्हणून ती राहून गेली. दोन्ही भावांत तेव्हापासून बोलणे असे फारसे नव्हते. रूपचंदांकडे मोठा जुना ट्रॅक्टर होता. त्यांना काम निघाले की ते सकाळी आबांच्या खळ्यात येत, ट्रॉली जोडत, घेऊन जात आणि काम झाले की आणून सोडत. त्या चोरीची बातमी आल्यावर आबांनी दलसिंगला हुकूम केला:

"आजथून रातले ट्रॉली उभी ठेवानी. घोडी लाव, नी पाईप सोडी टाक."

दलसिंगने विचारले, "रोज?"

"रोज. उभी ट्रॉली कोन ओढी लई जाई? लाईटना तारमां अडकी जाई."

युक्ती वाईट नव्हती. पेटी आभाळाकडे तोंड करून उभी, खाली लोखंडी टेकू म्हणजे घोडी, आणि पाईप सोडलेला. ज्याच्याकडे हायड्रोलिकचा ट्रॅक्टर नाही, त्याला ती खाली आणता येणार नाही. दलसिंग रोज संध्याकाळी तसे करू लागला. रस्त्याने जाणाऱ्यांना ते उभे लोखंड दुरून दिसे.

त्यानंतर काही आठवड्यांनी तेल कमी होऊ लागले.

आबा दर शनिवारी दुपारी, बकेट जमिनीला टेकवून, ट्रॉलीची पेटी खाली घेऊन, पट्टीवर तेल पाहत. एका शनिवारी ते खुणेच्या बरेच खाली होते. लोडर उचलताना यंत्र गुरगुरे, बाहू झटके देत वर जात. आबांनी महागाचे तेल आणून ओतले. पुढे एक आठवडा सर्व ठीक. त्यानंतर पुन्हा कमी.

गळती आधी शोधायची, हे ओघानेच आले. आबांनी केळीच्या खोक्यांचे कोरे पुठ्ठे ट्रॅक्टरखाली पसरले. सकाळी पुठ्ठे कोरेच. म्हसावदच्या मिस्त्रीने लोडरच्या जॅकांची रबरी सीले बदलली, फिल्टर बदलला, आणि तेल तरीही कमी झाले. आता आबांच्या मते शक्यता एकच उरली होती. तेल गळत नाही, म्हणजे ते नेले जाते. आणि ट्रॅक्टरजवळ रोज जाणारा माणूस एकच.

ही गोष्ट त्यांनी दलसिंगला सांगितली नाही. त्यांनी ती म्हसावदला, भरतच्या तेलाच्या व सुट्या भागांच्या दुकानात सांगितली. भरतचे दुकान म्हणजे आसपासच्या दहा-बारा गावांतले सगळे ट्रॅक्टरवाले जेथे उभे राहतात ते ठिकाण. मी त्या दिवशी तिथे होतो. भरत हसत म्हणाला, "आबा, तुमना ट्रॅक्टर तेल पेस का काय? परतीन डबा?"

"ट्रॅक्टर नही पेत," आबा म्हणाले. "पेनारा दुसरा शे."

"कोन?"

"जो मन्हा घरनी भाकर खास, तो."

दुकानातले लोक हसले. नाव कुणी घेतले नाही. घेण्याची आवश्यकता नव्हती. दलसिंगवर एकदा चोरीचा शिक्का बसला की या परिसरात त्याला सालावर कुणी ठेवणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अखाजीही जवळ येत चालली होती. मी घरी येताना आबांना म्हणालो, "तुम्ही खात्री न करता बोललात."

"खात्रीनी व्यवस्था तुम्ही करा," ते म्हणाले. "तुमनाकडे सीलनी पकड शे ना?"

खरे होते. माझ्याकडे तार, शिशाच्या गोळ्या आणि माझी जुनी खासगी पकड होती. नंदुरबारला कार्यालयात असताना सराव म्हणून घेतलेली. मला हे काम आवडले नाही. परंतु निर्दोष माणसाला सीलच निर्दोष ठरवील, या हिशेबाने मी तयार झालो. आम्ही तेल ओतण्याच्या झाकणाला आणि तेल सोडण्याच्या खालच्या बोळाला तार ओवली आणि शिशे दाबली. दलसिंग चार हात अंतरावर उभा राहून पाहत होता. अनुसयाबाई, आबांच्या पत्नी, ओट्यावर मिरच्या निवडीत बसल्या होत्या.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "एक सील उरनं ते मन्हाकरता ठेवा. यास्ले सील ठोकाले आते फक्त मीच बाकी शे."

आबांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

सीले शाबूत राहिली. तेल कमी झालेच; ते भरण्यासाठी मी झाकणाचे सील तोडले आणि नंतर नवे दाबून दिले. तेल पाहायला पट्टीचे झाकण वेगळे होते आणि त्यातून नळीने तेल काढता येण्याजोगे नव्हते. तेवढे मी स्वतः तपासले होते. माझ्या दृष्टीने प्रकरण संपले होते. आबांच्या दृष्टीने ते अधिक गंभीर झाले.

"मागना पाईपना तोंडमातून काढस," ते म्हणाले. "इंजिन चालू करं, लिव्हर दाबं, तेल डबामां. सील काय करी?"

तसे करणे खरोखरच शक्य होते. आणि मान्य केले पाहिजे, की त्या दिवसापासून मीही दलसिंगकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. तो खळ्यात एकटा किती वेळ असतो, ट्रॅक्टर सुरू केल्यावर लगेच निघतो की थांबतो, याकडे माझे लक्ष जाई. त्यात एक गोष्ट त्याच्या विरुद्ध होती. तेलाचे रिकामे डबे तो डोंगरात घरी नेत असे. वर पाणी लांबून आणावे लागते. झाकणाचा चांगला डबा तिकडे मोलाचा. आबांनी त्याला तशी मुभा दिलेली होती. आता मात्र तो गावाकडे निघाला की आबा वाटेत उभे राहून डबा हातात घेऊन पाहू लागले.

"रिकामा शे, आबा."

"रिकामा शे ते मंग जड काब्रं लागस?"

"तुमना हात म्हातारा व्हयी गया," दलसिंग म्हणाला.

त्याने ते हसत म्हटले होते, पण डबा परत घेताना हसला नाही. आणि पुढच्या वेळी गावी जाताना त्याने डबा नेलाच नाही. आबांनी यावरूनही अर्थ काढला.

अखाजी दोन दिवसांवर आली असता आबा माझ्या दारात आले. त्यांच्या चेहऱ्यावर, त्या काट्याच्या प्रकरणानंतर मी कधी पाहिले नव्हते असे समाधान होते. रूपचंदांच्या गोठ्यामागे एक तेलाचा डबा ठेवलेला त्यांनी पाहिला होता. झाकण उघडून त्यांनी बोट बुडवले होते. रूपचंदांच्या ट्रॅक्टरात काळे, जुने तेल. आबांचे तेल मधासारखे पिवळे. डबाच त्यांनी उचलून आणला होता, आणि त्यातले तेल चहाच्या रंगाचे होते.

"मन्हं शे," आबा म्हणाले. "रूपाना जुना तेलमां मिसळेल शे, म्हनी रंग बदलना. दलसिंग काढस, नी रूपाले इकस. आते बोला."

रंग तर दिसत होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना खळ्यात बोलावले. रूपचंद स्वतःच्या ट्रॅक्टरवरून आले आणि वरूनच म्हणाले, "काय काम शे?" दलसिंग गव्हाणीला टेकून उभा राहिला. त्याने आपले अंथरूण बांधून गोठ्याच्या दारात आणून ठेवले होते. निकाल काय लागणार, हे त्याने गृहीत धरले होते. आबांनी मधोमध तो डबा ठेवला.

"रूपा, हाऊ डबा कोना?"

"मन्हा. तुन्हाकडे कसा उना?"

"त्यामातलं तेल कोनं?"

"मन्हा ट्रॅक्टरमातून काढेल शे."

"तुन्हा ट्रॅक्टरमां काये तेल ऱ्हास. हाई चहानीगत शे. हाई मन्हं शे. कोनी दिधं तुले?"

रूपचंद ट्रॅक्टरवरून खाली उतरले. मला वाटले, आता मारामारी होणार. ते आबांच्या अगदी जवळ आले आणि म्हणाले, "तेच मी इचारी ऱ्हायनू ना दादा. मन्हा ट्रॅक्टरमां तेल ओतस कोन?"

"ओतस?"

"ओतस. दोन-अडीच महिना व्हयनात. पट्टीना वर तेल चढस, मागना भोकमातून उडस, मन्ही पाठ भरी जास. मी काढी काढी डबामां टाकस. मी समजनू का तूच रातले येई काही ओती जास, मन्हं गिअर बिघाडाले."

"मी? मन्हं महागनं तेल तुन्हा ट्रॅक्टरमां ओतसू?"

"मंग कोन? मन्हं वाईट चितनारा दुसरा कोन शे आठे?"

अनुसयाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "एकनं तेल जास, एकनं वाढस. नी दोन्ही भाऊ दोन महिना एकमेकस्ले इचारत नही."

दोन संशय, प्रत्येकाने स्वतंत्रपणे जपलेले, प्रथमच एका जागी आले होते. आणि ते एकमेकांत बसत नव्हते. चोर तेल विकतो हे समजण्याजोगे आहे. विकत घेणाराच तेल कोण ओतते म्हणून संतापतो, हे समजण्याजोगे नव्हते. मी रूपचंदांना विचारले, "तेल उडते ते नेमके केव्हा?"

"ट्रॉली लेवाले येस तव्हय. ट्रॉली खाले करी का लगेच."

"नेहमी?"

"दर टाईमले. खाले करी का थुकस."

आबा ट्रॉलीकडे पाहू लागले. रात्रीची ती तशीच उभी होती, पेटी आभाळाकडे, जॅकचा चकचकीत दांडा पूर्ण बाहेर आलेला. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान गेले होते. पण डोळ्यांत तीच जुनी, कशालाच न सोडणारी बारकाई होती. त्यांना तिथेच थांबता आले असते. रूपचंद खोटे बोलतात असे म्हणून दलसिंगला घालवता आले असते, आणि गावाने ते मानलेही असते. परंतु संशय एकदा आला की तो तपासल्यावाचून राहणे त्यांना जमत नाही, मग तो कोणावर का असेना.

"दलसिंग," ते म्हणाले, "छोटा ट्रॅक्टरले पाईप जोड. ट्रॉली खाले कर."

दलसिंगने ट्रॅक्टर सुरू केला, पाईप जोडला, घोडी काढली. पेटी हळूहळू खाली आली. आबांनी पट्टी पुसून पाहिली आणि मला दाखवली. तेल खुणेपर्यंत होते.

"आते उभी कर. रोज करस तशी. घोडी लाव, पाईप सोड."

पेटी वर गेली. पाईप सुटला. बकेट जमिनीवर होती, ट्रॅक्टरखाली एक थेंब नव्हता, माझी सीले जागच्या जागी होती. आबांनी पट्टी काढली. तेल खुणेच्या बरेच खाली गेले होते.

"रूपा, तू जोड. तुन्हा ट्रॅक्टरवर खाले कर."

रूपचंदांनी आपला मोठा ट्रॅक्टर मागे आणला आणि पाईप जोडला. पेटी खाली येऊ लागली, आणि ती अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच त्यांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या, हवा जाण्याच्या भोकातून तेल फसफसून बाहेर आले आणि धुळीत पडले. चहाच्या रंगाचे.

आबांनी पुन्हा छोट्या ट्रॅक्टरची पट्टी पाहिली. पुसली, घातली, काढली, पाहिली. अर्थात ते तेल परत येणार नव्हते. ते रूपचंदांच्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत जाऊन बसले होते. दलसिंग संध्याकाळी आबांच्या तेलाने ट्रॉली उभी करी. सकाळी तोच पेटी खाली आणी तेव्हा तेल परत येई आणि कुणाच्या लक्षात काही येत नसे. पण ज्या सकाळी रूपचंद येऊन ती आपल्या ट्रॅक्टरवर खाली आणीत, त्या सकाळी जॅकमधले सारे तेल त्यांच्याकडे जाई. ते ट्रॉली परत आणून सोडीत ती नेहमी आडवी, त्यामुळे उलट दिशेने काही येत नसे. गडी अर्धे पाहत होता, भाऊ उरलेले अर्धे. पूर्ण कुणीच पाहिले नव्हते, आणि उभी ठेवण्याचा हुकूम आबांचा होता.

रूपचंद मोठ्याने हसले. "दादा, मी उगाच घाबरी ऱ्हायंतू. तू ते माले फुकट तेल पुरवी ऱ्हायंता."

आबा हसले नाहीत. ते दलसिंगकडे वळले. त्यांना काय म्हणायचे होते ते त्यांना जड जात असावे, कारण त्यांनी ते वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या शब्दांत उरकले. "उद्या अखाजी शे. बस."

दलसिंग बसला नाही. गव्हाणीपासून पुढे आला आणि आपल्या अंथरुणाजवळ उभा राहिला.

"आबा, तेल ते सापडनं," तो म्हणाला. "मन्हं नाव भरतभाऊना दुकानवर पडेल शे. ते कोन आनी दी?"

"मी तुन्हं नाव लिधं नही तठे."

"नाव नही लिधं. भाकर खानारा म्हने. तुमना घरनी भाकर खानारा मी एकलाच शे."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सीले ठोकताना, डबा तोलून पाहताना, तो हे मनात ठेवून उभा होता. मी सीलाची तार ओवताना तो चार हातांवर शांत उभा होता, याचा वेगळा अर्थ मला त्या क्षणी लागला, आणि मी त्याच्याकडे पाहणे टाळले.

"साल करसू का नही, ते मंग सांगसू," दलसिंग म्हणाला.

आबा घरात गेले. अनुसयाबाईंनी मला खुणेने बसायला सांगितले. मला वाटले, ते आता बाहेर येणार नाहीत. परंतु ते टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "ट्रॅक्टर काढ. आप्पा, तुम्ही बी चला."

आम्ही तिघे म्हसावदला गेलो. दलसिंग चालवायला, आबा आणि मी दोन बाजूंच्या मडगार्डवर. छोट्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसण्याचे माझे वय नाही, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही. अखाजीच्या आदल्या दिवसामुळे बाजारात गर्दी होती, आणि भरतच्या दुकानात नेहमीप्रमाणे चार-पाच ट्रॅक्टरवाले उभे होते. आबा उतरले आणि आत न जाता पायरीवरच उभे राहिले.

"भरत, आइक. तुम्ही बी आइका." त्यांचा आवाज सौदा करताना असतो तसाच होता. "मन्हं तेल कोनी चोरं नही. ट्रॉली उभी ठेवानं मीच सांगेल व्हतं. मन्हं तेल तिना जॅकमां ऱ्हाई जाये, नी रूपाना ट्रॅक्टरमां उतरे. दलसिंगनी एक थेंब लिधा नही."

एकाने मिस्किलपणे विचारले, "मंग आबा, दोन महिना चोर कोनले म्हनी ऱ्हायंतात?"

आबांनी मागे वळून ट्रॅक्टरवर बसलेल्या दलसिंगकडे बोट केले. "ह्याले. नी ते खोटं व्हतं."

दुकानात कुणी हसले नाही. भरतने सावरून घेत म्हटले, "चला, सापडनं ते बरं व्हयनं. मन्ही गिऱ्हाईकी मात्र कमी व्हयनी."

आबांनी तेलाचा एक डबा घेतला. भरतला लिटरची खूण डब्याच्या दोन्ही बाजूंनी दाखवायला लावली. मग म्हणाले, "ट्रॉली आते आडवी ऱ्हाई. साखळी नी कुलूप दे. मोठं."

साखळी आणि कुलूप घेऊन आम्ही निघालो. खळ्यात ट्रॅक्टर थांबल्यावर दलसिंग उतरला आणि आबांसमोर उभा राहिला.

"साल करसू," तो म्हणाला. "पन कुलूपनी चावी मन्हाजोडे ऱ्हाई."

आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग गोठ्याकडे, ट्रॉलीकडे, रूपचंदांच्या घराकडे पाहिले. हे सारे करायला त्यांना बराच अवधी लागला. शेवटी त्यांनी खिशात हात घातला आणि एक चावी काढून दलसिंगच्या तळहातावर ठेवली.

दलसिंगने हात मागे घेतला नाही. नव्या कुलपाबरोबर चाव्या दोन येतात, हे त्यालाही ठाऊक होते. अनुसयाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

आबांनी पुन्हा खिशात हात घातला, दुसरी चावी काढली, ती पहिलीसारखीच आहे ना हे उन्हाकडे धरून पाहिले, आणि त्याच तळहातावर ठेवली. दलसिंग खाली बसला.